ब्रेस्ट रिडक्शन करून घेताय? या चुका टाळा

प्लास्टिक सर्जरी विभागात ड्रेसिंग करणं हे माझं रोजचं काम. स्तनांचा आकार कमी करण्याच्या ऑपरेशननंतर काही बिघडलं की ती बाई आधी माझ्यासमोर येऊन बसते. आणि बहुतेक वेळा बिघाड ऑपरेशन टेबलावर झालेला नसतो. तो आधीच्या महिन्यात झालेला असतो, नाहीतर घरी गेल्यानंतरच्या पंधरवड्यात. त्याच त्या चुका पाहून आता जीव तुटतो, कारण त्यातल्या बऱ्याचशा टळण्यासारख्या असतात.

हे ऑपरेशन नट्टापट्टा नाही, हे आधी सांगते. खांद्यावर ब्राच्या पट्ट्यांनी बोट बसेल इतके खोल वळ, कायम दुखणारी मान, वैशाखात छातीखाली घामाने सोलवटलेली कातडी, पोक काढून चालायची लागलेली सवय, हे सगळं मी रोज बघते. पण बायकांना याची लाज वाटते. लाज वाटली की लपवाछपवी सुरू होते आणि पुढच्या निम्म्या चुका त्या लपवण्यातूनच होतात.

मशेरी न सांगणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, म्हणून हिच्यावर जरा जास्त लिहिते.

ऑपरेशनात नेमकं काय होतं ते समजून घ्या. पूर्ण भूल देऊन साधारण २ ते ४ तास काम चालतं. जादा चरबी, ग्रंथी आणि कातडी काढतात, आणि स्तनाग्र वर सरकवून नव्या जागी बसवतात. बहुतेक वेळा ते कापून वेगळं करत नाहीत. स्वतःच्या रक्तवाहिन्यांसकट, आतल्या मांसाच्या एका पट्टीवर ते जिवंत ठेवलेलं असतं. म्हणजे सुरुवातीचे दिवस स्तनाग्राचा सगळा रक्तपुरवठा त्या पट्टीवर अवलंबून. निकोटिन रक्तवाहिन्या आकसून टाकतं. ते सिगारेटमधून आलं की हिरडीवर चोळलेल्या मशेरीतून, रक्तवाहिनीला फरक पडत नाही.

सोलापूरकडच्या एक मावशी होत्या, पन्नाशीच्या आतबाहेरच्या. सुनेने पुढाकार घेऊन आणलं होतं. साखर नाही, बीपी नाही, हिमोग्लोबिन व्यवस्थित. "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला त्यांनी ठामपणे नाही म्हटलं होतं, आणि खात नव्हत्याच. ऑपरेशन सुरळीत झालं. दुसऱ्या दिवशी मावशी वॉर्डात फेऱ्या मारत होत्या, मान हलकी झाली म्हणून खुश होत्या. तिसऱ्या दिवशी मी ड्रेसिंग उघडलं तर डाव्या स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाची खालची कड जांभळट काळी. बोटाने दाबून सोडलं की रंग परत यायला हवा, तो येत नव्हता. सरांना बोलावलं. त्यांनी ताण कमी करायला तिथले टाके सैल केले. मी ट्रे आवरताना उशी सरकवली तर खालून चपटी डबी निघाली. उघडायची गरजच नव्हती, जळक्या तंबाखूचा वास लपत नाही.

"मशेरी आहे गं, दात घासायला. त्याशिवाय पोट साफ होत नाही."

दिवसातून तीन-चारदा. ऑपरेशनच्या दिवशी पहाटेही, आणि वॉर्डाच्या बाथरूममध्येही. त्या काही लपवत नव्हत्या. त्यांच्या दृष्टीने ते व्यसनच नव्हतं. ती कड पुढे काळी पडून सुटली. जखम भरायला महिने गेले, सोलापूर-पुणे फेऱ्या झाल्या आणि तिथे पांढरट डाग राहिला तो कायमचा. दुसरी बाजू सुंदर भरली होती, त्यामुळे तर मला आणखीच वाईट वाटलं.

त्यानंतर मी "व्यसन आहे का?" हा प्रश्न विचारायचंच बंद केलं. मी विचारते, "सकाळी दात कशाने घासता?" आणि विचारते ते सासू-नवरा बाहेर गेल्यावर. शहरातल्या मुलींना विचारते, "शेवटची सिगारेट कधी? व्हेप? हुक्का?" कारण 'कधीतरी पार्टीला' हे त्यांच्या हिशेबात धरलेलं नसतं. सिगारेट सोडण्यासाठी चघळायच्या गोळ्यांमध्येही निकोटिनच असतं, तेही सांगा. ऑपरेशनच्या निदान ४ ते ६ आठवडे आधी सगळं बंद करायचं आणि नंतरही जखमा भरेपर्यंत बंदच ठेवायचं. आदल्या आठवड्यात सोडून उपयोग नाही. तारीख महिनाभर पुढे गेली म्हणून चिडणाऱ्या बायका मी पाहते. वीस वर्षं वागवलेलं दुखणं आणखी एक महिना वागवता येतं. गेलेली कातडी परत येत नाही.

घरी कुणालाच न सांगता ऑपरेशन करणं

ही दुसरी. नोकरीच्या गावी एकट्या राहणाऱ्या मुली ही चूक फार करतात. हिंजवडीत नोकरी करणारी एक मुलगी आठवते. नाशिकला आई-वडिलांना 'कामासाठी बाहेरगावी' असं सांगितलेलं, फ्लॅटमधल्या मैत्रिणीला 'छोटी गाठ काढली' असं. जोडून सुट्ट्या आल्या होत्या, त्यात बसवलेलं ऑपरेशन. चौथ्या दिवशी पिण्याचं पाणी संपलं म्हणून तिने २० लिटरचा जार उचलून उलटा केला. आठव्या दिवशी स्कूटरवरून, खड्ड्यांतून, ऑफिसला.

या ऑपरेशनात बहुधा तीन ठिकाणी टाके येतात. एक ओळ स्तनाग्राभोवती, एक तिथून सरळ खाली आणि एक छातीखालच्या घडीत आडवी. उभी आणि आडवी ओळ जिथे मिळते ती जागा सगळ्यात नाजूक, कारण सगळा ताण तिथेच येतो. काळजी घेऊनही अनेकींची जखम तिथे थोडी उघडते, आणि ती साध्या ड्रेसिंगने भरते. हिची चांगली नखाएवढी उघडली. पण यायची लाज. पाच दिवस तिने त्यात पावडर टाकली, वर कापूस दाबला. माझ्याकडे आली तेव्हा कापसाचे तंतू जखमेत रुतून बसले होते आणि ते सलाईनने भिजवून एकेक चिमट्याने काढावे लागले. ती रडत होती, दुखण्याने कमी आणि एकटेपणाने जास्त.

माझं म्हणणं एवढंच की संपूर्ण गावाला सांगू नका, पण एका मोठ्या माणसाला सांगा आणि पहिला आठवडा त्या माणसाला घरात ठेवा. आई, मावशी, नणंद, मैत्रीण, कुणीही चालेल. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रोज लागणारी भांडी, कपडे, औषधं कमरेच्या उंचीवर काढून ठेवा, म्हणजे फडताळाकडे हात जाणार नाही. पुढून उघडणारे गाऊन किंवा शर्ट काढून ठेवा. पहिले ४ ते ६ आठवडे दोन-तीन किलोच्या वर काही उचलायचं नाही. म्हणजे पाण्याची बादली नाही, भरलेला कुकर नाही, आणि लहान मूल तर अजिबात नाही. तुम्ही खाली बसा, मूल तुमच्याकडे येईल. कणीक मळणं मी मुद्दाम वेगळं सांगते, कारण त्याला कुणी मेहनतीत धरत नाही, पण छातीचे स्नायू त्यात भरपूर ताणले जातात. महिनाभर पोळ्या बाहेरून आल्या तर घर मोडत नाही. दुचाकी सर्जन हो म्हणेपर्यंत बंद. बसून काम असेल तर दोन-तीन आठवड्यांनी बहुतेक जणी कामावर जातात. चार दिवसांच्या सुट्टीत हे ऑपरेशन बसत नाही, कुणी काहीही सांगो.

याच्या उलट, नुसतं झोपूनही राहू नका. पहिल्या दिवसापासून घरातल्या घरात चाला. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ते लागतंच. गर्भनिरोधक किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर त्या आधीच सांगा, कारण त्यांनी गुठळीचा धोका वाढतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मासळीच्या तेलाच्या आणि लसणाच्या कॅप्सूल, काढे, जे काही घेता ते सगळं कागदावर लिहून आणा. आपल्या मनाने मात्र काही बंद करू नका.

लहान पण रोजच्या चुका

ऑपरेशनच्या आधी सर्जन तुम्हाला उभं करून मार्करने खुणा करतात. आडवं झालं की छाती बाजूला पसरते, म्हणून त्या उभ्यानेच कराव्या लागतात. नंतर त्या घासून धुऊ नका.

जखमेवर हळद, तूप, टूथपेस्ट, एरंडेल काही नाही. खरंच काही नाही.

'आंबट खाल्लं की पू होतो, वांग्याने जखम चिघळते, भाताने पाणी सुटतं' असं सांगणारी एक तरी बाई प्रत्येक घरात असते. मग पेशंट पंधरा दिवस नुसत्या मुगाच्या पाण्यावर. पू होतो जंतूंनी. जखम भरायला प्रथिनं लागतात, म्हणून डाळ, उसळ, दही, पनीर, अंडी, मासे, जे चालतं ते पोटभर खा. नवरात्र किंवा श्रावण तोंडावर असेल तर तारीख त्यानंतरची घ्या. साबुदाण्यावर जखम भरत नाही. देवीला पुढच्या वर्षी नऊ दिवस देता येतील.

महागड्या नव्या ब्रा आधीच आणून ठेवू नका. पहिले काही आठवडे दिवसरात्र पुढून बंद होणारी, तारेविना, आधार देणारी ब्राच घालायची. मी म्हणते दोन घ्या, एक अंगावर, एक वाळत. खरं माप सूज उतरल्यावर, सहा महिन्यांनी घ्या.

'मला अमुकच कप हवा' हा हट्टही सोडा. कपाचं माप प्रत्येक कंपनीचं वेगळं. कपाच्या मापाऐवजी तुम्हाला काय त्रास होतो, किती हलकं व्हायचंय, ते सर्जनला सांगा.

पंधराव्या दिवशी आरशासमोर निकाल लावणं

सुरुवातीला छाती वर चढलेली, चौकोनी, कडक दिसते. एक बाजू दुसरीपेक्षा सुजलेली असते. तीन-चार आठवड्यांत "सिस्टर, बिघडलंय" म्हणत फोटो पाठवणाऱ्यांना मी एकच सांगते, रोज बघू नका, महिन्यातून एकदा बघा. आकार बसायला ६ महिने ते वर्ष लागतं. व्रण पहिले काही महिने उलट जास्त लाल आणि जाड होतात, मग वर्ष-दीड वर्षात फिके पडतात. पण पूर्ण जात नाहीत. आपल्या कातडीला जाड व्रणाची खोड असते. आधीच्या टाक्यांचा, कान टोचल्याचा फुगीर व्रण अंगावर असेल तर तो आधीच दाखवा. जखमा पूर्ण बंद झाल्यावर सिलिकॉनची पट्टी किंवा जेल, तेही सर्जनने सांगितल्यावर.

स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते किंवा उलट फार हुळहुळतं. बहुतेकींना महिन्यांत सुधारतं, काहींना पूर्ण परत येत नाही. स्तनपान काहींना जमतं, काहींना पुरेसं दूध येत नाही, काहींना जमत नाही. कुठल्या पद्धतीने ऑपरेशन होणार यावर ते बरंच अवलंबून असतं. पुढे मूल हवं असेल तर हा प्रश्न नवऱ्यासमोर, सासूसमोर, जिथे विचारायचा तिथे, पण सही करायच्या आधी विचारा. गरोदरपणात आणि वजन वाढल्यावर छाती पुन्हा वाढू शकते. म्हणून वजन काही महिने स्थिर असताना ऑपरेशन करावं, आणि वाढीच्या वयातल्या मुलींनी शक्यतो वाढ थांबेपर्यंत थांबावं.

क्रीम, मसाज तेल, 'महिन्यात दोन साइझ कमी' वाल्या गोळ्या यांवर पैसे घालवून मग येणाऱ्या मुली पाहिल्या की मला संताप येतो, त्यांच्यावर नाही, विकणाऱ्यांवर. क्रीमने ग्रंथी विरघळत नाही. नुसत्या लायपोसक्शनने, म्हणजे नळीने चरबी ओढून काढून, काहींचं काम होतं, ज्यांच्या छातीत चरबी जास्त आहे आणि कातडी ओघळलेली नाही त्यांचं. सगळ्यांचं नाही. 'व्रण नाही, सुट्टी नाही' असं कुणी म्हणालं तर आधी त्यांची पदवी विचारा. प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी (आता तिला डीआरएनबी म्हणतात) आणि मेडिकल कौन्सिलची नोंदणी. विचारायला संकोच कसला, शरीर तुमचं आहे.

विम्याचे कागद शेवटी गोळा करणं

पॉलिसीत सौंदर्योपचार वगळलेले असतात. पण आरोग्याला असलेला धोका दूर करण्यासाठी उपचार वैद्यकीयदृष्ट्या गरजेचा आहे असं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केलं तर दाव्याचा विचार होऊ शकतो. त्यासाठी पुरावा लागतो. मान-पाठीसाठी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलात, फिजिओथेरपी केलीत, चट्ट्यांसाठी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवलंत, तर ते कागद जपून ठेवा. ऑपरेशनच्या आधी पूर्वमंजुरी मागा. बिल हातात आल्यावर धावपळ करून मान दुखत होती हे सिद्ध होत नाही.

'सकाळी बघू' म्हणून थांबणं

याला माफी नाही. एक बाजू अचानक फुगून कडक झाली आणि दुखणं वाढत चाललं, तर आत रक्त साठत असू शकतं. पहिल्या चोवीस तासांत याचा धोका सर्वांत जास्त. स्तनाग्र निळं-काळं दिसायला लागलं, १००.४ च्या वर ताप आला, लाली पसरत चालली, पू किंवा घाण वास आला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करा. पोटरी सुजून दुखली, धाप लागली, छातीत कळ आली तर फोनवर वेळ न घालवता जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. आमच्या वॉर्डात रात्रीच्या फोनला कुणी वैतागत नाही. वैताग येतो तो तीन दिवसांनी आलेल्या पेशंटचे हाल बघून.

आणि ऑपरेशनात काढलेला भाग तपासणीला जातो, त्याचा रिपोर्ट मागून घ्या आणि फाइलमध्ये लावा. चाळिशीच्या पुढच्यांची किंवा घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर झालेल्यांची मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, आधीच करतात, ती फिल्मही त्याच फाइलमध्ये ठेवा. काही महिन्यांनी आत टणक गाठ लागली तर ती बऱ्याचदा मेलेल्या चरबीची असते, पण हे हाताने चाचपून घरी ठरवायचं नाही, दाखवायचं. पुढे कधीही मॅमोग्राफीला गेलात की ऑपरेशन झालंय हे तिथल्या टेक्निशियनला आधी सांगा, कारण आतले व्रणही फिल्मवर दिसतात.