फौजेतून निवृत्त होऊन ट्रकवर बसणार असाल, तर या चुका टाळा

सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात आर्मी सर्व्हिस कोअरमधून किंवा एखाद्या पलटणीच्या एमटीतून, म्हणजे वाहन विभागातून, निवृत्त झालेले चालक गावोगावी भेटतात, आणि जोजिलाच्या बर्फातून गाडी काढलेल्या माणसाला स्टिअरिंग धरायला शिकवण्याची गरज नसते. आमच्याकडे कामाला येणारे माजी सैनिक गाडी चालवण्यात क्वचितच कमी पडतात. ते अडतात ते गाडीभोवतीच्या व्यवहारात. कॉन्व्हॉयमध्ये, म्हणजे लष्करी गाड्यांच्या ताफ्यात, पुढे कमांडर असतो, मागे बंद पडलेली गाडी ओढून नेणारी रिकव्हरीची गाडी असते, डिझेल आणि जेवण ठरल्या ठिकाणी मिळते. ट्रक लाईनीत हे सारे एकट्या चालकाने पाहायचे असते.

सुरुवात लायसन्सपासून होते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८ नुसार संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी मिळालेल्या लायसन्सवर फक्त तीच वाहने चालवता येतात. तरीही केवळ लष्करी लायसन्स दाखवून दुसऱ्या दिवशी गाडी मागणारे लोक येतात, आणि आरटीओची प्रक्रिया सांगितली की त्यांना तो अपमान वाटतो. अपघात झाल्यावर विमा कंपनी सर्वप्रथम लायसन्स पाहते, तेव्हा सेवेची वर्षे मोजली जात नाहीत. शेवटच्या पोस्टिंगमध्ये असतानाच युनिटकडून अनुभवाचे प्रमाणपत्र घ्यावे आणि ट्रान्सपोर्टच्या नागरी लायसन्सच्या मागे लागावे.

मला सर्वाधिक त्रास देणारी चूक मात्र वेगळी आहे, आणि ती चांगल्या सवयीतून होते. सैनिक हुकूम मानतो. फौजेत हुकूम देणारा त्याची जबाबदारीही घेतो. ट्रक लाईनीत ‘भरा आणि निघा’ म्हणणारा माणूस अडचणीच्या वेळी फोन उचलत नाही. आमच्या ओळखीचे एक निवृत्त हवालदार दुसऱ्या एका मालकाच्या दहा टायरच्या गाडीवर लागले होते. जालन्याहून सळई भरली, काट्यावर वजन झाले, आणि पावतीवर गाडीसह साडेबत्तीस टनांचा आकडा आला. त्या गाडीची मर्यादा साडेअठ्ठावीस टनांची होती. हवालदारांनी ऑफिसला फोन करून विचारले, तर ‘निघा, पुढचे आम्ही बघतो’ असे उत्तर आले, आणि हुकूम मिळाला म्हणून ते निघाले. वाटेत तपासणी पथकाने गाडी बाजूला घेतली. कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला वीस हजार रुपये आणि शिवाय प्रत्येक जादा टनाला दोन हजार, म्हणजे अठ्ठावीस हजारांचा दंड लागला, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येणार नाही असे बजावण्यात आले. मालकाचा फोन बंद होता. सळई उतरवायला हमाल मिळेनात, दुसरी गाडी मिळेना. ज्या माणसाने आयुष्यभर कोणाचा शब्द खाली पडू दिला नाही, त्याने रस्त्याकडेला रात्र काढली, आणि महिनाअखेरीस मालकाने त्या खर्चातला काही भाग त्यांच्याच पगारातून कापला.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सवय लावतो: काट्याची पावती, बिल्टी (मालाची पावती), ई-वे बिल (जीएसटीखालचा माल वाहतुकीचा परवाना) आणि गाडीचे कागद हे सगळे केबिनमध्ये बसून स्वतः वाचायचे, नग मोजायचे, आणि आकडा जुळला नाही तर चावी फिरवायची नाही. ई-वे बिलावरचा गाडी क्रमांक आणि मुदत तर दोनदा पाहावी, कारण साधारण २०० किलोमीटरला एक दिवस एवढीच मुदत मिळते. घाई करणाऱ्या सुपरवायझरला उत्तर देताना आवाज चढवावा लागत नाही. लेखी मागितले की घाई आपोआप कमी होते.

दुसरी चूक पाहून वाईट वाटते, कारण ती इथल्या जुन्या चालकांकडून शिकली जाते. ज्या गिअरमध्ये चढ चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हे फौजेत अंगात मुरवलेले असते. इथे महिनाभरात चार लिटर डिझेल वाचवण्याच्या नादात तोच माणूस उतारावर न्यूट्रल मारू लागतो. न्यूट्रलमध्ये इंजिनाची रोखून धरण्याची ताकद जाते, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ड्रम तापतात. इंजिनच बंद केले तर एअर ब्रेकला हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली, ते पुणेकर विसरलेले नाहीत. हा शॉर्टकट शिकवणाऱ्याला उस्ताद मानू नये.

निवृत्तीचे पैसे हातात पडताच स्वतःचा ट्रक घेणे ही तिसरी चूक. ग्रॅच्युइटी आणि कम्युटेशनची (पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी मिळालेली) रक्कम डाऊन पेमेंटला जाते, आणि हप्ता, विमा, टायर, टोल, वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची हमाली), शिवाय परतीच्या भाड्याची वाट पाहण्यात गेलेले दिवस यांचा हिशेब नंतर सुरू होतो. पेन्शन असलेला निदान तग धरतो. २०२२ पासून भरती झालेल्या अग्निवीरांना चार वर्षांनंतर पेन्शन नाही, सेवानिधीचे एकरकमी सुमारे ११.७१ लाख रुपये आहेत, आणि त्यांनी ते गाडीत घालण्याआधी किमान वर्षभर दुसऱ्याची गाडी चालवावी व प्रत्येक फेरीचा जमाखर्च वहीत लिहावा, असे माझे ठाम मत आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. बीएस-६ गाडीत डीईएफ, म्हणजे धुरातले प्रदूषण कमी करणारे द्रव, ज्याला लाईनीत युरिया म्हणतात, ते संपू देऊ नये, नाहीतर इंजिनाची ताकद घटते. ताडपत्री दुसऱ्याने बांधली असली तरी दोरी आपण ओढून पाहावी. फौजेतली रोजची मेंटेनन्स परेड, म्हणजे गाडीची तपासणी आणि देखभाल, नागरी गाडीवरही चालू ठेवावी. ती सवय सोडणारे अनेक आहेत.

काम निवडताना टँकरकडे दुर्लक्ष करू नये. धोकादायक मालासाठी तीन दिवसांचे प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद लागते, म्हणून उतावीळ मंडळी ते टाळतात. मनमाडजवळच्या पानेवाडीसारख्या इंधन डेपोत गेटवरची तपासणी, अर्थिंग (ठिणगी टाळण्यासाठी टँकर जमिनीशी तारेने जोडणे), सील आणि रांग हे सगळे नियमाने चालते, आणि फौजेतून आलेला माणूस तिथे इतर कुठल्याही कामापेक्षा लवकर रुळतो.