टॉर्चचा एलईडी बदलताय? या चुका टाळा

आमच्या विदर्भातल्या आर्वीकडे टॉर्चला सगळे बॅटरीच म्हणतात. हिवाळ्यात हरभऱ्याला पाणी द्यायचं तर थ्री फेज लाईन बरेचदा रात्रीच मिळते. मग माणूस, फावडं आणि बॅटरी, एवढ्यावर ओलीत चालतं. म्हणून जुन्या टॉर्चमध्ये तेज एलईडी बसवून घेणारे माझ्याकडे येत असतात, आणि आता पोरं स्वतःही बसवायला लागली आहेत. शिकावं, जरूर शिकावं. पण बिघडून आलेला टॉर्च उघडला की आत तेच ते दोष दिसतात आणि जीव तुटतो.

टॉर्चचं अंग गार राहिलं म्हणून खूश होणं

एलईडी ज्या छोट्या गोल पट्टीवर सोल्डर केलेला असतो, ती पट्टी पितळी वाटीवर बसते. या वाटीला पिल म्हणतात. पिल आट्यांनी टॉर्चच्या ॲल्युमिनियमच्या अंगात घट्ट होते. उष्णतेला बाहेर पडायची हीच एक वाट. स्वस्त टॉर्चमध्ये पिल आतून पोकळ असते आणि पट्टी फक्त तिच्या कडेवर टेकलेली असते. मूळचा एलईडी थोडाच करंट घेतो, म्हणून निभतं. तिथे एक्सएम-एल २ हा तेज एलईडी बसवून ३ अँपिअर सोडले की सुमारे १० वॅट होतात, आणि त्यातली निम्म्याहून जास्त उष्णताच असते.

शेजारच्या गावातल्या एका पोराने असाच टॉर्च बनवून आणला होता. "काका, कितीही वेळ लावा, गरमच होत नाही!" मी म्हटलं, अरे, हीच तर काळजीची गोष्ट आहे, उघडून पाहू. त्याला घाई होती. त्याच रात्री त्याचे वडील तो घेऊन वावरात गेले. पहिलं बारं, म्हणजे पाणी द्यायचा शेताचा पट्टा, फिरवेपर्यंत उजेड निळा पडला आणि मग गेलाच. "निळी झाली अन् गेली ना बाप्पा," ते सकाळी सांगत होते. अंधारात धुऱ्यावर (बांधावर) पाऊल टाकायची हिंमत झाली नाही, म्हणून मोटारीच्या कोठीत उजाडेपर्यंत बसून राहिले. पाणी एकाच बाऱ्यात साचलं, हरभरा पिवळा पडला.

टॉर्च उघडला. थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) पानाला चुना थापावा तशी जाड, आणि तिच्याखाली नुसती पोकळी. एलईडीचा पिवळा भाग मधोमध तपकिरी झालेला. पट्टी जागेवर राहावी म्हणून कडेने एका थेंबात चिकटणारा गोंद लावलेला. त्याच्या वाफेने काचेला आतून पांढरट साय धरलेली. अंग गार होतं, कारण उष्णता अंगापर्यंत पोचलीच नव्हती.

मी तांब्याच्या जाड पत्र्याची चकती कापतो, काचेवर पॉलिश पेपर ठेवून ती सपाट घासतो आणि एलईडी लावायच्या आधी पिल तव्यावर तापवून तिच्यातली पोकळी ही चकती आणि सोल्डर घालून भरून टाकतो. पट्टीही तांब्याचीच घेतो, जिच्यावर एलईडीचा मधला पॅड थेट तांब्याला सोल्डर होतो. पेस्ट मोहरीच्या दाण्याएवढी. मग फुल उजेडावर टॉर्च मुठीत धरून बसतो. दोन-तीन मिनिटांत अंग कोमट लागलंच पाहिजे. घासण्यात अख्खी दुपार जाते, जाऊ द्या. ज्याला तेवढा वेळ नाही त्याने हे काम हातात घेऊ नये.

मोठा एलईडी म्हणजे लांब उजेड, हा समज

जागलीला जाणाऱ्यांना तुरीच्या पल्याडचं डुक्कर दिसायला हवं असतं. ते सर्वांत मोठा एलईडी मागतात आणि मग उजेड पोचत नाही म्हणून परत येतात. रिफ्लेक्टर तोच असेल तर प्रकाश देणारा ठिपका जितका लहान आणि तेज, तितका झोत लांब जातो. मोठा एलईडी उजेड जास्त देतो, पण पसरवतो. लांबच्यासाठी लहान एलईडी आणि गुळगुळीत, खोल रिफ्लेक्टर घ्या. धुऱ्यावरून चालायला मात्र संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत रिफ्लेक्टर बरा, पायाजवळ मऊ उजेड पडतो. झोताच्या मधोमध काळा खड्डा दिसला तर एलईडी रिफ्लेक्टरमध्ये वर-खाली बसला आहे. मधल्या प्लास्टिक रिंगची जाडी बदलून पाहा.

आणि ते ६५०० केल्विनचं (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचं माप) निळसर पांढरं सोडा. नजरेला झगमगीत वाटतं, पण त्यात वाळका पाला आणि घोणसीच्या अंगावरचे तपकिरी ठिपके सारखेच दिसतात. मी ४००० ते ५००० केल्विनचा, ९० च्या वर सीआरआयचा (रंग किती खरे दिसतात याचा आकडा, १०० पैकी) एलईडी लावतो. ल्युमेन (एकूण उजेड) थोडे कमी मिळतात, मिळू देत. अनवाणी चालणाऱ्या माणसाला रंग ओळखू येणं जास्त गरजेचं.

बाकीच्या चुका

एलईडीच्या घुमटाला बोट लावू नका, ते सिलिकॉन आहे. पेट्रोल किंवा ॲसिटोनने तर पुसूच नका.

एक्सएचपी ५० हा एलईडी ६ किंवा १२ व्होल्टचा असतो, एका सेलच्या साध्या ड्रायव्हरवर (एलईडीला करंट पुरवणाऱ्या सर्किटवर) तो चालायचा नाही.

जुन्या लॅपटॉपमधून काढलेला १८६५० मापाचा लिथियम सेल २.५ व्होल्टच्या खाली गेलेला असेल तर तो पुन्हा चार्ज करू नका.

वायरचे सोल्डर ढेकळासारखे उंच ठेवू नका. रिफ्लेक्टरवर धातूचा थर असतो. तो ढेकळाला टेकला की शॉर्ट, आणि लिथियमचा सेल शॉर्ट झाला की हातातच आग. मी जोड चपटे करतो, त्यावर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, करंट अडवणारी) लावतो, डोकं पूर्ण घट्ट आवळतो आणि सेल टाकायच्या आधी मल्टीमीटर बीपवर ठेवून ड्रायव्हरच्या मधल्या स्प्रिंगला आणि अंगाला लावतो. डोकं आवळल्यावर बीप वाजला, तर परत उघडा.