बीएस्सी करताय? मेजरबाहेरच्या 60 क्रेडिटमधल्या या चुका टाळा

बारावी सायन्सचा निकाल लागला की पेडण्यापासून काणकोणपर्यंत घरोघरी एकच चर्चा सुरू होते: मेजर, म्हणजे मुख्य विषय, कुठला घ्यायचा? फिजिक्स, केमिस्ट्री की झूलॉजी? प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण त्यात अर्धीच पदवी येते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार गोव्यातल्या कॉलेजांत 2023-24 पासून पदवीची रचना बदलली. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्याप्रमाणे 3 वर्षांच्या पदवीला किमान 120 क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून मोजलेली एककं, लागतात आणि त्यातली 60 मेजरची असतात. उरलेल्यांत मायनरची, म्हणजे दुय्यम विषयाची, 24, बहुविद्याशाखीय पेपरांची 9, भाषेची 8, कौशल्याची 9, पर्यावरणासारख्या मूल्यवर्धित पेपरांची 6 ते 8 आणि उन्हाळी इंटर्नशिपची 2 ते 4. मेजरचा अभ्यास मुलं करतातच. घोळ होतो तो या दुसऱ्या अर्ध्यात, आणि तो कळतो बहुतेकदा शेवटच्या वर्षी.

एकूण बेरीज बघून निश्चिंत राहणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. एका गटात जास्त झालेली क्रेडिट दुसऱ्या गटातली तूट भरून काढत नाहीत. समजा, एखाद्या मुलीने मेजरचा एक पेपर आवडीने जादा केला आणि तिची बेरीज 122 झाली. पण भाषेचा 2 क्रेडिटचा एक पेपर राहून गेला असेल, तर पदवी अडते. म्हणून वहीच्या एका पानावर प्रत्येक गटाचा वेगळा रकाना आखा आणि प्रत्येक सेमिस्टरच्या निकालानंतर तो भरा. कॉलेज हिशेब ठेवतंच, तरीही तुमचा तुम्ही ठेवा.

केंद्र सरकारच्या स्वयम् पोर्टलवरच्या ऑनलाइन कोर्सचंही तसंच. यूजीसीच्या 2021च्या नियमांप्रमाणे विद्यापीठाला एका सेमिस्टरमधले 40 टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयम् वरून मान्य करता येतात. पण तुम्ही केलेला कोर्स आपोआप कुठल्या तरी गटात जाऊन बसत नाही. नाव नोंदवण्याआधी विभागप्रमुखांना भेटा, कोर्स कुठल्या गटात धरला जाईल ते विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

‘तो काय, दोन क्रेडिटचा पेपर!’

हे वाक्य कॅन्टीनमध्ये रोज ऐकू येतं. आता जरा हिशेब मांडून बघू. आराखड्यातल्या नमुन्याप्रमाणे पहिल्या सेमिस्टरला 20 क्रेडिट असतात: मेजर 4, मायनर 4, बहुविद्याशाखीय 3, भाषा 2, कौशल्य 3 आणि मूल्यवर्धित 2 अधिक 2. म्हणजे मेजर-मायनर मिळून 8 आणि ‘बाकीचे’ 12.

एखाद्याला मेजर-मायनरमध्ये 9 ग्रेड पॉइंट मिळाले आणि बाकीच्यांत 5. गुणाकार करा: 8 × 9 म्हणजे 72, 12 × 5 म्हणजे 60. बेरीज 132, भागिले 20, सरासरी 6.6. त्याच मुलाने ‘बाकीच्या’ पेपरांत 8 मिळवले असते तर 72 अधिक 96, म्हणजे 168, आणि सरासरी 8.4 झाली असती. मेजरचा अभ्यास तेवढाच, पण निकालात जमीन-अस्मानाचा फरक.

हा फरक पुढे आडवा येतो. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं तर आराखड्याप्रमाणे पहिल्या 6 सेमिस्टरमध्ये 75 टक्के गुण लागतात. मेजरमध्ये उत्तम असलेली मुलं पहिल्या वर्षीच्या भाषेच्या आणि कौशल्याच्या पेपरांमुळे त्या रेषेच्या अलीकडे राहिली, तर मन फार हळहळतं.

मूल्यवर्धित गटातल्या पर्यावरणाच्या पेपराबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण सक्तीचं करण्याचे निर्देश दिले, त्या वाटेने हा विषय पदवीच्या वर्गापर्यंत आला. आदल्या रात्री नोट्स पाठ करून तो उरकू नका. खाण पट्ट्यातल्या मुलांनी मातीने लाल झालेले ओहोळ पाहिलेत, सत्तरीच्या मुलांच्या दारात म्हादई आहे, तिसवाडीच्या मुलांनी खाजन शेतीचे बांध आणि मानशी, म्हणजे पाणी अडवायची दारं, पाहिल्या आहेत. प्रकल्प आपल्याच गावावर करा. त्यात गुणही मिळतात आणि शिकायलाही मिळतं.

मैत्रिणीने घेतला म्हणून मायनर

24 क्रेडिट म्हणजे 4 क्रेडिटचे 6 पेपर. पुढचं दार उघडायचं की बंद राहायचं, हे पुष्कळदा मायनरवर ठरतं. फिजिक्स मेजर घेऊन गणिताशी कायमचं वैर धरलं, तर एमएस्सीच्या वेळी अडचण येऊ शकते, कारण अनेक संस्था पदवीला गणित शिकलंय का ते बघतात. शाळेत शिक्षक व्हायचं मनात असेल, तर मेजर आणि मायनर दोन्ही शाळेत शिकवले जाणारे विषय असलेले बरे. समुद्रविज्ञानाची ओढ असेल तर दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत कुठली कामं चालतात ते बघा: तिथे जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, भौतिकशास्त्र सगळ्यांनाच जागा आहे. आधी पुढच्या अभ्यासक्रमाची पात्रता वाचा, मग मायनर ठरवा. घाईघाईत फॉर्म भरताना मुलं नेमकं उलट करतात.

बसच्या वेळेवरून पेपर निवडणं हीसुद्धा आपल्याकडची खरी अडचण आहे. वाळपईहून म्हापशाला किंवा पणजीला येणाऱ्या मुलीला दुपारचं प्रॅक्टिकल जड जातं, हे मान्य. पण 3 वर्षांचा विषय एका कदंबा बसच्या वेळापत्रकावर सोडू नका. प्रॅक्टिकलची बॅच बदलून मिळते का, ते आधी विचारा.

त्यात प्रॅक्टिकलचे तास मुलांच्या लक्षातच येत नाहीत. थिअरीच्या 1 क्रेडिटला सेमिस्टरमध्ये 15 तास आणि प्रॅक्टिकलच्या 1 क्रेडिटला 30 तास. 3 थिअरी आणि 1 प्रॅक्टिकल असा 4 क्रेडिटचा पेपर 75 तासांचा होतो. असे दोन विषय घेतल्यावर आठवडा किती भरतो ते आधीच मोजा. आणि चवथीच्या सुट्टीआधी जर्नल पूर्ण करा, परत आल्यावर परीक्षा दारात उभी असते.

बहुविद्याशाखीय पेपर निवडताना एवढंच बघा की बारावीला शिकलेला विषय तिथे पुन्हा घेता येत नाही. सोपा म्हणून जुनाच विषय भरला, तर बदलावा लागण्याची शक्यता आहे. अर्थशास्त्र, इतिहास, जमाखर्च, जे कधी शिकला नाहीत ते घ्या.

चूक झालीच असेल तर

मेजर चुकला असं वाटत असेल तर पहिलं वर्ष संपेपर्यंत थांबून गप्प बसू नका. आराखड्यात दुसऱ्या सेमिस्टरच्या शेवटी मेजर बदलण्याची सोय आहे, पण हव्या त्या विभागात जागा असावी लागते. दुसऱ्या सेमिस्टरमध्येच विभागात बोलून ठेवा.

छोटा पेपर राहिला असेल तर तो पुढच्याच संधीला काढा. पाचव्या-सहाव्या सेमिस्टरला मेजरचा भार वाढतो, तेव्हा पहिल्या वर्षीचा भाषेचा पेपर मागे लागलेला नको.

घरच्या परिस्थितीमुळे शिक्षण थांबवावं लागलं, तर नुसतं कॉलेजला जाणं बंद करू नका. 40 क्रेडिट आणि त्याशिवाय उन्हाळ्यात 4 क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स किंवा इंटर्नशिप केली, तर पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं. 3 वर्षांच्या आत परत येऊन एकूण 7 वर्षांत पदवी पुरी करता येते. रीतसर अर्ज करून बाहेर पडलात तरच परतीची वाट सोपी राहते.

आणि अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या, म्हणजे तुमची क्रेडिट जिथे ऑनलाइन जमा होतात त्या, खात्यात क्रेडिट दिसत नसतील, तर आधी नाव तपासा. आपल्याकडे गावकर, नाईक, प्रभू ही आडनावं इंग्रजीत दोन-तीन प्रकारे लिहिली जातात. आधारवर एक स्पेलिंग, दहावीच्या दाखल्यावर दुसरं, आणि वडिलांचं नाव एका ठिकाणी आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही. कॉलेजच्या नोंदीत दहावीच्या दाखल्याप्रमाणे नाव असेल, तर आधारवरचं नाव त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या, मग डिजिलॉकरमधून खातं जोडा आणि तो क्रमांक कॉलेजच्या ऑफिसात द्या. पहिल्या सेमिस्टरला हे काम चार-दोन फेऱ्यांत आटोपतं. सहाव्या सेमिस्टरला एमएस्सीच्या प्रवेशाची तारीख डोक्यावर असताना त्यासाठी धावाधाव करावी लागते.