सॉइल सायन्सला येताय? आधी नमुन्याचं घमेलं बघा

कृषीच्या पीजी प्रवेशाच्या राउंडमध्ये हॉर्टिकल्चर, जेनेटिक्स भरून गेलं आणि मृदा विज्ञान पदरात पडलं, असं उतरलेल्या आवाजात सांगणारी मुलं मला दरवर्षी भेटतात. मीही तशीच आले होते. पहिलं सेमिस्टर तर ब्रँच बदलून मिळते का हे विचारण्यातच गेलं. तेव्हा आधी हे ऐका, की विषय वाईट नाहीये, उलट पिकाला नक्की काय कमी पडतंय हे ओळखायला लागलात की सुटत नाही. पण घाई करणाऱ्याला तो माफ करत नाही, आणि मला त्याने एक अख्खा खरीप घालवून शिकवलं.

माझा प्रयोग मक्यावर होता, झिंक सल्फेटच्या वेगवेगळ्या मात्रा, चुनखडीयुक्त काळी जमीन, आरबीडी (म्हणजे शेताचे सारखे ब्लॉक पाडून त्यात प्लॉटना मात्रा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वाटायच्या), तीन रेप्लिकेशन, म्हणजे प्रत्येक मात्रा तीनदा. पेरणीआधीचे मातीचे नमुने घेतले. व्ही आकाराचा खड्डा, 15 ते 20 सेंमी खोली, बांधाजवळचं आणि उकिरड्याजवळचं टाळलं, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवले, सगळं पुस्तकाप्रमाणे. फक्त माती गोळा केली ती शेतावरच्या पत्र्याच्या घमेल्यात, आणि वाळत घातली तीही तसल्याच जुन्या ट्रेमध्ये. कुणी टोकलं नाही, मलाही काही वाटलं नाही.

आता हे नीट समजून घ्या, कारण इथेच माझं वर्ष गेलं. ते घमेलं जीआयचं, म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा. जस्त म्हणजेच झिंक. आपण डीटीपीए या रसायनाच्या द्रावणाने मातीतलं पिकाला मिळू शकणारं जे झिंक काढतो त्याची क्रिटिकल लेव्हल, म्हणजे ज्याच्या खाली कमतरता समजतात तो आकडा, साधारण 0.6 मिलिग्रॅम प्रति किलो धरतात. म्हणजे अर्धा किलो नमुन्यात सगळं मिळून 0.3 मिलिग्रॅम, साखरेच्या एका दाण्याच्या वजनाइतकंसुद्धा नाही. खुरप्याने घमेल्यात माती कालवताना तेवढा मुलामा सहज खरवडून निघतो. आणि तो सगळीकडे सारखा निघत नाही, एका नमुन्यात जास्त, दुसऱ्यात कमी, म्हणून नंतर एखादा आकडा वजा करून सुधारताही येत नाही!

एएएसवर, म्हणजे द्रावणातलं झिंक मोजणाऱ्या यंत्रावर, आकडे आले ते क्रिटिकल लेव्हलच्या कितीतरी वर. इकडे कंट्रोलच्या, म्हणजे झिंक न दिलेल्या, प्लॉटमध्ये मक्याच्या कोवळ्या पानांवर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरट पट्टे, म्हणजे पीक ओरडून सांगतंय झिंक नाही आणि माझा कागद म्हणतोय भरपूर आहे. मी काय केलं, तर लॅबवर संशय घेतला. डीटीपीए परत बनवलं, पीएच 7.3 परत लावला, दोन तासांचं शेकिंग घड्याळ लावून केलं, डिस्टिल्ड वॉटर बदललं. ब्लँक, म्हणजे माती न घालता तसंच तपासलेलं द्रावण, प्रत्येक वेळी स्वच्छ. मला वाटायचं ब्लँक स्वच्छ म्हणजे आपलं काम स्वच्छ. अहो, ब्लँकमध्ये माती नसतेच ना! मातीत लॅबच्या बाहेर जे मिसळलं ते ब्लँकला कुठून दिसणार? दोन महिने यात गेले. शेवटी लॅबमधल्या असिस्टंट मामांनी विचारलं, ताई, माती कशात आणली होती? तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, आणि त्या रात्री मी खूप रडले हेही सांगते. पेरणीआधीची माती परत मिळत नाही, प्लॉटमध्ये खत पडलेलं असतं. पुढच्या वर्षी प्रयोग नव्याने लावला.

म्हणून सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी प्लास्टिकची बादली, स्टेनलेस स्टीलचं ऑगर (माती काढायचं गिरमिट) किंवा लाकडी खुरपी, आणि वाळवायला स्वच्छ प्लास्टिकचा कागद. कुटायला लाकडी खल. पितळी चाळणी नको, पितळेत तांबं आणि जस्त दोन्ही असतं. रबरी बुचंही टाळा, त्यातूनही झिंक येतं. नमुन्याच्या पिशवीत एक लेबल आत, एक बाहेर, आणि लिहायचं पेन्सिलने, कारण ओलसर मातीत शाई पसरते.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. सीनियरच्या थिसिसमधलं मटेरियल अँड मेथड्स जसंच्या तसं उचलणं बंद करा. माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्येही ‘नमुने प्रमाणित पद्धतीने घेतले’ हे वाक्य असंच उचललेलं होतं, आणि त्या एका वाक्याखाली घमेलं लपलं. शिवाय उचललेली पद्धत तुमच्या मातीची असेलच असं नाही, चुनखडीच्या जमिनीत स्फुरद मोजायला ओल्सनची पद्धत चालते, कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीला ब्रेची लागते. पैसे देऊन बाहेरून सगळं अ‍ॅनालिसिस करून घेणारेही बघितलेत, व्हायव्हात दोन प्रश्नांत अडकतात. निदान वॉकली-ब्लॅक पद्धतीने सेंद्रिय कर्ब तरी स्वतः काढा, टायट्रेशनमध्ये निळसर जांभळा जाऊन हिरवा कधी येतो हे हाताला कळलं पाहिजे.

गाईड निवडताना पेपरांची संख्या बघू नका, पेरणीच्या दिवशी ते प्लॉटवर येतात का ते सीनियर्सना विचारा. माझ्या गाईडनी वर्ष वाढलं तरी एक शब्द लागेल असा बोलला नाही, दुसऱ्या वर्षीच्या नमुन्यांना सकाळी सातला स्वतः आले. असा माणूस मिळाला तर विषय कुठलाही देऊ दे, घ्या.

पुढचं थोडक्यात. नेटचा, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेचा, अभ्यास थिसिस संपल्यावर नाही, कोर्सवर्कबरोबरच करा. एसआरएफच्या, म्हणजे सीनियर रिसर्च फेलोच्या, जागा प्रोजेक्टपुरत्या असतात, प्रोजेक्ट संपला की परत इंटरव्ह्यू. मी त्यात बरीच वर्षं काढली, घरच्यांना समजावणं सगळ्यात अवघड गेलं. पण ती वर्षं वाया गेली नाहीत, हात तिथेच तयार झाला. आणि जमलं तर एकदा अकोल्याचा दीर्घकालीन खत प्रयोग बघून या, 1988 पासून ज्वारी-गव्हावर चालू आहे. नुसतं नत्र दिलेला प्लॉट आणि एनपीकेबरोबर (नत्र, स्फुरद, पालाश) शेणखत दिलेला प्लॉट तिथे एकाच शेतात बघायला मिळतात.

दुसऱ्या वर्षी प्लास्टिकच्या बादलीतून आणलेल्या त्याच शेताच्या मातीत झिंक 0.6 च्या खाली आलं. पानांवरचे पट्टे गेल्या वर्षी हेच सांगत होते.