मनी ट्री वारंवार का मरते? या चुका टाळा

वेणी घातलेल्या खोडाचे मनी ट्री वास्तुशांतीला भेट देण्याची रीत इंदूरच्या मराठी घरांतही आता रुळली आहे, आणि दिवाळीपर्यंत त्याची पाने गळाली अशी तक्रार माझ्याकडे दरवर्षी येते. पान पिवळे पडले की घरातली लक्ष्मी चालली, अशी धास्ती काहीजण घेतात. त्यांनी आधी कुंडीचा तळ पाहावा.

सर्वांत घातक चूक पाण्याची आहे. याचे शास्त्रीय नाव पचिरा ॲक्वाटिका, म्हणजे पाण्यातले झाड. मध्य व दक्षिण अमेरिकेतील नदीकाठच्या दलदलीत ते वाढते, एवढे वाचून लोक रोज तांब्याभर पाणी ओततात. तिथे त्याला भरपूर ऊन आणि मुळे पसरायला मोकळी जमीन मिळते. दिवाणखान्यातल्या कुंडीत पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. इंदुरातल्या रामबाग भागात माझ्या मावसबहिणीकडे तीन खोडांचे झाड होते, प्लॅस्टिकच्या कुंडीसकट चिनी मातीच्या शोभेच्या कुंडीत ठेवलेले. पाने गळत होती म्हणून ती आणखी पाणी घालत होती. एक खोड मी चिमटीत धरले, तर ते पिकलेल्या केळ्यासारखे दबले. आतली कुंडी उचलली तेव्हा खाली दोन बोटे आंबूस पाणी होते. मुळांची साल ओढताच निघून येई आणि हातात नुसता दोरा उरे. मेलेले खोड वेणीतून सोडवले, कुजकी मुळे कापली, आणि उरलेली दोन खोडे भोक असलेल्या मातीच्या कुंडीत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), जाडी वाळू व पर्लाइट (हलके पांढरे खडे) यांच्या मिश्रणात लावली. पाणी धरून ठेवणारी माळव्याची काळी माती मी या झाडाला कधीच वापरत नाही.

मी बोट दोन पेरे मातीत घालून पाहतो आणि कोरडे लागले तरच, तळातून निथळेपर्यंत, पाणी देऊन बशी रिकामी करतो. मोबाइलवर वार लावून पाणी घालणे मला अजिबात मान्य नाही, कारण मे महिन्यातली आणि श्रावणातली माती सारखी सुकत नाही.

दुसरी चूक दिशेची. फेंगशुईत, म्हणजे चिनी वास्तुविचारात, या झाडाच्या एका पानातल्या पाच पर्णिका लाकूड, अग्नी, पृथ्वी, धातू आणि पाणी या पंचतत्त्वांशी जोडतात, आणि वेणीत संपत्ती अडकून राहते असे मानतात. श्रद्धेला माझा विरोध नाही. पण त्यात संपत्तीचा मानलेला आग्नेय कोपरा अंधारा असेल, तर तिथे झाड लांबट, फिके होऊन झुरते. पूर्वेच्या खिडकीपासून तीन-चार फुटांवर ते सुखात राहते. दुपारच्या उन्हात पाने करपतात, आणि सतत जागा बदलली तर गळतात.

कूलरचा झोत थेट लागू देऊ नये. पारा दहा अंशांखाली जाणार असेल, त्या रात्री गॅलरीतले झाड आत घ्यावे. वेणीला बांधलेली तार किंवा पट्टी खोडात रुतण्याआधी काढावी. आजारी झाडाला खत घालू नये. महिनाभर थांबण्याचा धीर नसलेले नवखे नेमके तेच करतात.

ॲक्वाटिका म्हणून विकली जाणारी बरीच झाडे प्रत्यक्षात पचिरा ग्लॅब्रा असतात, पण घरातली निगा सारखीच. पांढऱ्या छटांच्या पानांच्या जातीला उजेड अधिक लागतो. मनी प्लांटचा वेल आणि जाड, मांसल पानांचे जेड ही वेगळीच झाडे आहेत. जेडइतके कोरडे ठेवले तर मनी ट्रीच्या पानांच्या कडा तपकिरी होतात.