वर्गात डिजिटल कथा कशी करून घ्यावी: आधी आवाज, मग फोटो

डिजिटल कथा म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः काढलेले पंधरा-वीस फोटो आणि त्यांवर त्याच्याच आवाजातले दोन-अडीच मिनिटांचे निवेदन. या विषयावरचे बहुतेक मार्गदर्शन ‘कोणते ॲप वापरावे’ येथून सुरू होते आणि तेथेच संपते. मग शाळाशाळांतून ज्या चित्रफिती तयार होतात त्यांत फोटो गिरक्या घेत येतात, मागे बासरी वाजत असते आणि मुलाला नेमके काय सांगायचे होते याचा पत्ता लागत नाही. सहावी ते आठवीच्या वर्गांकडून अशा कथा करून घेताना जी पद्धत टिकली, ती पुढे दिली आहे.

विषय आणि परवानगी

‘माझे गाव’ किंवा ‘पर्यावरण’ असे ऐसपैस विषय देऊ नयेत. एक वस्तू, एक माणूस किंवा एक काम द्यावे: घरातली गोधडी, लोहाराचा भाता, मुक्कामी येणारी एसटी. पालकांची आणि ज्यांचे फोटो काढायचे त्यांची लेखी परवानगी आधीच घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे, हे लक्षात ठेवून मुलांचे चेहरे असलेली फीत समाजमाध्यमांवर टाकण्याची घाई करू नये. फोनच्या कॅमेऱ्यातील स्थाननोंद बंद करावी.

निवेदन लिहून घेणे

खरी कसोटी येथे आहे आणि मलाही सर्वांत जास्त याच टप्प्याने छळले आहे. मुलाला ‘लिही’ म्हटले की तो निबंध लिहितो, कारण आपण त्याला तेच शिकवले आहे. गोधडीवर कथा करणाऱ्या एका मुलीची पहिली ओळ होती, ‘गोधडी ही आपल्या संस्कृतीची ओळख आहे.’ तिची वही मिटवून, घरून आणलेली गोधडी बाकावर पसरून, कोणता तुकडा कोणाचा एवढेच विचारल्यावर ती एका दमात म्हणाली, ‘हा जांभळा माझ्या पहिल्या फ्रॉकचा. ही किनार आज्जीच्या लुगड्याची. आन् हा खाकी पप्पांच्या शाळेच्या चड्डीचा. आज्जी म्हणती, ह्यो फाटतच न्हाई, तुझ्या बापावानी हट्टी हाय.’ कथा तयार झाली होती. फक्त ती कागदावर उतरवायची होती.

म्हणून क्रम असा ठेवावा: मुलाने आधी सांगावे, जोडीदाराने ते ऐकून प्रश्न विचारावेत आणि त्यानंतरच लिहावे. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात डेना ॲचली, जो लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिजिटल कथेच्या कार्यशाळांची जी पद्धत घडवली, तिच्या केंद्रस्थानीही संगणक नव्हता, तर गोल बसून एकमेकांना कथा ऐकवणे होते. हा तास वाचवून तो ॲप शिकवण्यात घालवणाऱ्यांची मला खरोखर कमाल वाटते.

लिहिलेला मजकूर दोनशे ते अडीचशे शब्दांत बसवावा. मुलांच्या बोलण्याच्या वेगाने त्याची दोन-अडीच मिनिटे होतात. काटछाट करताना एकच कसोटी लावावी: जे फोटोत दिसणार आहे ते बोलू नये. जांभळा तुकडा पडद्यावर असताना त्याचा रंग सांगण्याची गरज नसते. तो कोणाचा, हे मात्र फोटोला सांगता येत नाही. या कसोटीने त्या मुलीच्या निवेदनातला ‘जांभळा’ हा शब्द गळाला, पण ‘हट्टी हाय’ला कोणी हात लावला नाही. मुलाची बोली ‘शुद्ध’ करण्याचा मोह शिक्षकाने कटाक्षाने टाळावा, कारण पुस्तकी केलेले वाक्य मूल स्वतःचे म्हणून बोलूच शकत नाही आणि ते पुढच्या टप्प्यावर ताबडतोब उघडे पडते.

आवाज मुद्रित करणे

कागद हातात दिला की मूल धडा वाचल्याच्या चालीत हेल काढते. त्यामुळे प्रत्येक परिच्छेद दोनदा वाचून घ्यावा, कागद उलटा ठेवावा आणि समोर बसलेल्या मित्राला उद्देशून तो सांगायला लावावा. शब्द इकडेतिकडे झाले तरी चालतात. परिच्छेदागणिक वेगळी फाईल करावी, म्हणजे एक चूक झाली म्हणून सगळे पुन्हा बोलावे लागत नाही.

पत्र्याच्या छताचा, रिकाम्या भिंतींचा वर्ग यासाठी निरुपयोगी असतो, कारण तेथे आवाज घुमतो. पुस्तकांनी भरलेली ग्रंथालयाची खोली उत्तम. ती नसेल तर बाकावर आणि मुलाच्या पाठीमागे जाड चादरी टाकाव्यात. पंखा बंद करावा, फोन विमान मोडवर ठेवावा आणि पोषण आहाराची भांडी घासली जात असतील ती वेळ टाळावी. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, पण समोर न धरता किंचित बाजूला ठेवावा. समोर धरल्यास प, फ, ब, भ या अक्षरांची हवा थेट माईकवर आदळते आणि तो फटका नंतर काढणे अवघड जाते. कोणी काही न बोलता त्याच खोलीतली दहा सेकंदांची शांतताही मुद्रित करून घ्यावी. दोन परिच्छेदांमधली जागा तिने भरली तर जोड जाणवत नाही.

फोटो काढणे

निवेदन तयार झाले की कोणते फोटो लागतील हे मुलांना आपोआप कळते. फोन आडवा धरावा, झूम न करता जवळ जावे, फ्लॅश बंद ठेवावा आणि खिडकीच्या उजेडात काम करावे. प्रत्येक गोष्टीचा एक लांबून, एक मध्यम अंतरावरून आणि एक अगदी जवळून असा फोटो घ्यावा. सुई ओढणारी बोटे, अंगुस्तानावरचे खळगे, धाग्याची गाठ असे जवळचे फोटोच कथेला उपयोगी पडतात. व्हॉट्सॲपवरून फोटो मागवताना ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे, नाहीतर आकार लहान होऊन मोठ्या पडद्यावर ते फुटतात.

जोडणी

संगणकावर आवाजाच्या संपादनासाठी ऑडॅसिटी आणि फोटो व आवाज जोडून फीत करण्यासाठी ओपनशॉट ही दोन्ही मोफत साधने पुरेशी आहेत. आधी पूर्ण आवाज अंथरावा आणि मग त्याखाली फोटो बसवावेत. बदलते इफेक्ट वापरू नयेत. पार्श्वसंगीत घालू नये असे माझे ठाम मत आहे: चित्रपटगीतांना स्वामित्वहक्काची अडचण असते, आणि ती नसली तरी संगीत मुलाच्या आवाजावर चढते. सुईदोऱ्याचा किंवा भात्याचा खरा आवाज मिळाला तर तो मात्र अवश्य घ्यावा.

तयार फीत एमपी४ स्वरूपात साठवावी आणि वर्गात दाखवण्यापूर्वी ज्या घरची कथा आहे त्या घरी दाखवावी. काही वगळायला घरच्यांनी सांगितले तर ते वगळावे, आणि त्यासाठी मूळ आवाजाच्या फाईल्स वर्ष संपेपर्यंत पुसू नयेत.