बाटली आडवी करायची तर आधी मतदार यादी मागा

गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायचं म्हणून बायका उठल्या की पहिला मोर्चा निघतो. निघू द्या, अंगात जोर येतो. पण आम्ही मोर्च्यावरच भागवलं आणि एकदा हरलो.

२००८ च्या सरकारी आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून अर्ज दिला, की सह्यांची पडताळणी होते आणि मग बायकांचं गुप्त मतदान. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद. मेख पुढं आहे. झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला लागतात. आमच्या यादीत ८४० नावं, म्हणजे ४२१ मतं हवी. आडवीला ३९० पडली, उभीला जेमतेम ४०. आम्ही गुलालाची पिशवी सोडली होती, तोवर साहेब म्हणाले, "ताई, हरलात तुम्ही."

वारलेल्या आज्या, सासरी गेलेल्या लेकी, ऊसतोडीला गेलेल्या बाया. यातली एकही केंद्रावर येत नाही, पण प्रत्येकीचं नाव दुकानवाल्याच्या कामी येतं.

म्हणून दुसऱ्या खेपेला यादी घेऊन वस्तीवस्तीवर बसलो. आशाताई, अंगणवाडीताई आणि बचत गटाच्या बाया सोबत घ्या. कोण कुठं आहे ते त्यांना तोंडपाठ असतं. मयत आणि कायमच्या गेलेल्यांची नावं कमी करायला बीएलओकडं, म्हणजे आपल्या भागाची मतदार यादी सांभाळणाऱ्याकडं, नमुना ७ भरा. आणि आमच्या बीडकडं ऊसतोडीचा कोयता दिवाळीच्या सुमाराला निघतो, तो उन्हाळ्यात परततो. अर्ज अशा बेतानं करा की मतदान टोळ्या गावात असताना येईल.

सह्या देवळात गोळा करू नका, तिथं पुरुष बसलेले असतात. चुलीपाशी जा. गरज २१० ची असेल तर ३०० घ्या. पडताळणीच्या दिवशी नवरा मागं उभा असला की काही जणी "मी नाही केली" म्हणतात. त्यांच्यावर चिडू नका, गुप्त मतदानात त्याच येतात.

सरपंच तोंडावर हो म्हणतील. ग्रामसभेचा ठराव लिहून घ्या. माळकरी मंडळी लवकर येतात, तरुण मंडळाला मात्र दोनदा बोलवावं लागतं.

मतदानानं परवान्याचं दुकान बंद होतं, हातभट्टी नाही. तिच्यासाठी २०१६ च्या दुरुस्तीनं दारूबंदी कायद्यात आलेलं ग्रामरक्षक दल, म्हणजे बेकायदा दारूवर नजर ठेवणारं गावकऱ्यांचं दल, स्थापन करून घ्या.

एक गोष्ट आम्हाला सुचलीच नाही. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की हात कापतात, कुणाला फिट येते, कुणी भ्रमात बडबडतो. दुकान बंद झालं आणि तिसऱ्या रात्री एकाला जीपमध्ये घालून तालुक्याला न्यावं लागलं. गावात पिणारे कोण हे बायकांना माहीत असतंच. त्यांच्या घरी आधीच सांगून ठेवा, डॉक्टरांशी बोला, आणि व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ बचत गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा.